दोन जुन्या नौका

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील अनाठायी खर्च, गृहनिर्माण अशा विषयांवर भाषणे होत असतात, आणि ती तशी व्हावयासच पाहिजेत. आज आम्ही त्या वाटेने न जाता दोन वापरलेल्या शिडाच्या नौकांची तुलना आपणांपुढे मांडणार आहोत. विषय थोडा चमत्कारिक वाटेल. परंतु तो आम्ही हौसेखातर निवडलेला नाही. आपल्या युवक शाखेने यंदा कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे. ज्ञातीतील मुलामुलींना शिडावरील नौकानयन शिकता यावे म्हणून ३० ते ३६ फुटांची, वापरलेली, सागरपर्यटनाची एक नौका वर्गणी जमवून विकत घ्यावी, अशी ती सूचना आहे. तरुण मंडळी म्हणतात, ज्यांच्या आजे-पणज्यांनी गलबते आणि फत्तेमाऱ्या हाकारल्या त्यांच्या नातवंडांना शिडाची एक दोरी ओढता येऊ नये, ही लाजेची गोष्ट होय. वडीलधारी मंडळी म्हणतात, दुसऱ्याने विकावयास काढलेली नौका म्हणजे दुसऱ्याचे दुखणे पैसे मोजून घरी आणणे होय. त्यातून पोरांच्या जिवाला अपाय झाला तर जबाबदार कोण?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अशा वेळी नुसत्या मतांची मतांशी झुंज लावण्यापेक्षा अलीकडेच घडलेले एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटते. सुमारे ३६ फुटांच्या दोन जुन्या नौका, एकाच दिवशी, एकाच बंदरातून, एकाच वाटेने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. प्रत्येकीवर एकच माणूस होते. जुन्या नौकांची याहून कठोर परीक्षा कोणी योजून घेतली असती तरी घेता आली नसती.

ही परीक्षा म्हणजे २०२२ सालची 'गोल्डन ग्लोब' शर्यत. तिचे मूळ १९६८ सालात आहे. त्या वर्षी कोठेही न थांबता एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले आणि एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ च्या एप्रिलमध्ये परत पोहोचले. त्यांची ३२ फुटांची 'सुहैली' ही नौका आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी होती, हे आपल्यांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. एकट्या माणसाने न थांबता पृथ्वीला घातलेली ती पहिली प्रदक्षिणा होय. आणि ती मुंबईच्या सुतारांच्या हातच्या लाकडावर झाली.

त्या घटनेच्या स्मरणार्थ ही शर्यत २०१८ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा नियम मुद्दाम जुन्या काळाला धरून केले गेले. नौका ३२ ते ३६ फुटांची असावी. तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा असावा. तळाचा कणा लांब व सलग असावा आणि सुकाणू त्या कण्याच्या मागच्या कडेस जोडलेले असावे. वाट उपग्रहाच्या साहाय्याने शोधावयाची नाही. सूर्य व तारे यांची उंची सेक्स्टंटने मोजून कागदी नकाशावर आपली जागा ठरवावयाची. म्हणजे आपले तांडेल ज्या रीतीने समुद्र वाचीत, त्या रीतीच्या बऱ्याच जवळची ही रीत झाली. वाट तीन महाभूशिरांवरून जाते : आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे केप लीविन आणि दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न. अंतर सुमारे ३०,००० सागरी मैल.

४ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रान्समधील ले साब्ल दोलॉन या बंदरातून १६ नौका निघाल्या. मुख्य वर्गात प्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या त्या अवघ्या तीन. २७ एप्रिल २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या श्रीमती कर्स्टन नॉयशेफर आपल्या 'मिनेहाहा' या नौकेतून आल्या आणि शर्यत जिंकल्या. तीन महाभूशिरांवरून पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री होय. २९ एप्रिल रोजी आपल्या नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी 'बयानात' या नौकेतून दुसरे आले. या दोन्ही नौका जुन्या, वापरलेल्या, दुरुस्त करून घेतलेल्या होत्या. आमची तुलना याच दोघींची आहे.

प्रथम त्यांचे कुळ पाहू. 'बयानात' ही 'रस्टलर ३६' या जातीची नौका. या जातीचा आराखडा इंग्लंडमधील हॉलमन आणि पाय या जोडीचा असून, १९८० पासून कॉर्नवॉल प्रांतात फालमथजवळ या नौका बांधल्या जात आल्या आहेत. 'मिनेहाहा' ही 'केप जॉर्ज ३६' या जातीची. ही जात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट टाउनसेंड येथील. तिचा मूळ आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन नौकाशिल्पकाराच्या 'टॅली हो मेजर' या नौकेवरून घेतला आहे; आणि याच ॲटकिनच्या 'एरिक' नावाच्या दुसऱ्या एका आराखड्यावरून मुंबईची 'सुहैली' बांधली गेली होती. तेव्हा शर्यत जिंकलेली नौका ही एका अर्थाने आमच्या 'सुहैली'ची चुलत बहीण ठरते. दोघींचीही कवचे काचतंतू व राळ यांची, म्हणजे आज ज्याला सर्वत्र फायबर म्हणतात त्याची आहेत. 'मिनेहाहा' १९८८ सालची. म्हणजे शर्यत सुरू झाली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

आता मापे. रस्टलरची एकूण लांबी ३५ फूट ४ इंच, केप जॉर्जची डेकवरील लांबी ३६ फूट. धक्क्यावर उभे राहून पाहणाऱ्यास दोघी सारख्याच लांब दिसाव्यात. परंतु नौकेची खरी लांबी धक्क्यावरून दिसत नाही. ती पाण्याच्या रेषेवर मोजावी लागते. रस्टलरची नाळ व मागचा भाग पाण्यावर तिरके पुढे आलेले आहेत, त्यामुळे पाण्याला टेकणारी तिची लांबी २६ फूट ११ इंचच भरते. केप जॉर्जचा मागचा भाग जवळजवळ उभा कापलेला असून सुकाणू त्यालाच बाहेरून टांगलेले आहे; म्हणून पाण्यावरील तिची लांबी ३१ फूट ६ इंच आहे. साडेचार फुटांहून अधिक अंतर पडले. रुंदीत मात्र रस्टलर सरस : ती ११ फूट, तर केप जॉर्ज १० फूट ६ इंच. पाण्याखाली रस्टलर साडेपाच फूट जाते, केप जॉर्ज पाच फूट.

वजनातील अंतर तर याहून मोठे आहे. रस्टलरचे वजन सुमारे ७,६०० किलो, केप जॉर्जचे सुमारे १०,६०० किलो. यातील तळाशी मुद्दाम ठेवलेले भारवजन, ज्याला आपल्याकडे नीरम म्हणतात, ते दोघींत एकूण वजनाच्या शेकडा ४५ च्या आसपास आहे. नौका वाऱ्याने कलंडली असता तिला पुन्हा उभी करण्याचे काम हे नीरम करते. दक्षिण महासागरात लाटेने नौका पार उलटली तरी ती परत सरळ व्हावी, ही अपेक्षा याच शेकडा ४५ वर असते. या एका बाबतीत दोन्ही शिल्पकारांचे मत सारखे पडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सामान्य माणूस म्हणेल, तीन हजार किलो अधिक ओझे वाहणारी नौका मंद असणार. येथेच कागदावरचे गणित मौजेचे होते. या प्रकारच्या नौकेचा पाण्यातील वेग मुख्यतः तिच्या पाण्यावरील लांबीने बांधलेला असतो. नौका चालताना स्वतःच लाट उत्पन्न करते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या लांबीइतकी झाली की नौका जणू स्वतःच्या लाटेच्या खळग्यात अडकते. फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणले म्हणजे ही मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळते. रस्टलरची मर्यादा येते सुमारे ७ नॉट, केप जॉर्जची सुमारे साडेसात. शिवाय नौकाशास्त्रज्ञ वजनाची तुलना लांबीच्या घनाशी करतात. त्या गुणोत्तराचा आकडा रस्टलरच्या बाबतीत ३८० च्या पुढे, तर केप जॉर्जच्या बाबतीत ३३५ च्या आसपास येतो. म्हणजे काट्यावर जड असलेली नौका लांबीच्या मानाने हलकी ठरली! तोलून पाहणाऱ्याची फसगत व्हावी, अशी ही गोष्ट आहे.

अर्ध्या नॉटचे अंतर म्हणजे दिवसाला बारा-तेरा मैल, आणि २३५ दिवसांत तीन हजार मैलांच्या घरात. या हिशेबाने 'मिनेहाहा' बंदरात पोहोचली तेव्हा 'बयानात' अजून दूर अटलांटिकमध्येच असावयास हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? घड्याळाने मोजू गेल्यास दोघींच्या आगमनात सुमारे दीड दिवसाचे अंतर होते. नॉयशेफर यांना एका बचावकार्यात घालवलेल्या वेळेची सूट मिळाली, त्याविषयी पुढे सांगू. ती सूट धरून अधिकृत अंतर झाले पावणेतीन दिवसांचे. आठ महिन्यांच्या प्रवासात पावणेतीन दिवस!

कागदाचे आणि समुद्राचे गणित असे का जुळले नाही? ३०,००० मैलांस २३५ दिवसांनी भागले तर सरासरी वेग येतो सव्वापाच नॉटच्या जवळपास. हा वेग दोन्ही नौकांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. याचा अर्थ असा की, नौकेची अंगभूत उच्चतम गती फार थोडे दिवस उपयोगी पडली. बाकीचे दिवस गेले ते मंद वाऱ्यात, उलट वाऱ्यात, दुरुस्तीत, वादळात शिडे उतरवून बसण्यात. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात हलक्या नौकेला झुळकीचाही लाभ होतो, तर जड नौकेला तिचे ओझे जाणवते. वाऱ्याच्या तोंडावर चढत जाताना अरुंद नाळेची, आटोपशीर रस्टलर आपला गुण दाखवते. दक्षिण महासागरात पाठीमागून वारा व लाटा येत असता केप जॉर्जची लांबी व वजन तिला सरळ रेषेत धावत ठेवतात. एकीने जेथे मिळवावे तेथे दुसरीने गमवावे, असे हे लांब वाटेवरचे देणेघेणे होते.

शिडांच्या बाबतीतही दोघींचा स्वभाव भिन्न आहे. केप जॉर्जच्या नाळेपुढे एक लांब सोट असतो आणि त्यामुळे पुढील बाजूस दोन-दोन शिडे चढवता येतात. कापड अधिक, सामर्थ्य अधिक, परंतु काळोख्या रात्री उसळत्या पाण्यात त्या सोटापर्यंत जाण्याचे संकटही अधिक. रस्टलरचा साज सामान्यतः आटोपशीर असून एकट्या माणसास कमी श्रमात आवरता येतो. दोन्हींच्या बाजूने बोलणारे कसलेले खलाशी आहेत. निवड करणाऱ्याने आपल्या अंगातील बळ, आपली वाट आणि आपला स्वभाव पाहून निवड करावी, इतकेच त्यावर सांगता येईल.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१८ च्या शर्यतीत पहिल्या तिन्ही क्रमांकांवर रस्टलर ३६ जातीच्याच नौका होत्या. विजेते ज्याँ-लुक व्हान डेन हीड हे त्या वेळी ७३ वर्षांचे होते. साहजिकच पुढील शर्यतीत पुष्कळांची नजर याच जातीकडे वळली. नॉयशेफर यांनी मात्र लोकमान्य वाट सोडून वेगळी जात पसंत केली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर त्यांना ही जुनी नौका मिळाली. ती त्यांनी प्रिन्स एडवर्ड बेटावर नेली आणि तेथे तिच्या दुरुस्तीत कित्येक महिने घालवले. नंतर ती कॅनडातून केपटाउनला व तेथून फ्रान्सला स्वतः हाकारत आणली. शर्यतीची तोफ उडण्यापूर्वीच हजारो मैल त्या नौकेच्या अंगावरून गेले होते आणि तिचा प्रत्येक कुरकुरणारा सांधा मालकिणीच्या कानाला परिचित झाला होता. यापूर्वी दुसऱ्यांच्या नौका या बंदरातून त्या बंदरात पोहोचवून देणे हा त्यांचा व्यवसायच होता. नौकेने शर्यत जिंकली असे आपण म्हणतो खरे. परंतु या तयारीचे माप कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते.

दुसऱ्या बाजूस अभिलाष टॉमी यांची कथाही अशीच बोलकी आहे. २०१२-१३ मध्ये त्यांनी गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'तून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी पहिली भारतीय एकल प्रदक्षिणा, मध्ये बंदरे घेत, पुरी केली होती. २०१८ च्या शर्यतीत टॉमी यांनी 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात नव्याने बांधलेली 'थुरिया' नेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. कण्यात धातूच्या सळया बसविल्यानंतर तेच गृहस्थ चार वर्षांनी जुनी रस्टलर घेऊन पुन्हा त्याच वाटेला लागले. ध्यानात घ्या, मोडली ती नवी कोरी नौका होती, आणि पार पडली ती वापरलेली. म्हणून नवे वाईट आणि जुने चांगले असा सिद्धांत आम्ही काढणार नाही. त्या वादळापुढे कोणती नौका टिकली असती, हे कोण सांगेल? परंतु 'नवे म्हणजे निर्धोक' हा समज तेवढा आपण मनातून काढून टाकावा.

'बयानात'ची वाटचाल सुखाची झाली नाही. या शर्यतीत विजेवर चालणारे स्वयंचलित सुकाणू चालत नाही. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे एक यंत्र नौकेच्या मागे बसविलेले असते आणि माणूस झोपलेला असता तेच नौकेला वाटेवर ठेवते. 'बयानात'च्या या यंत्राची पाण्यातील फळी मोडली आणि जवळच्या सुट्या फळ्याही संपल्या. एकट्या माणसाच्या प्रवासात हे यंत्र गेले की निद्रा गेली, आणि निद्रा गेली की प्रवास संपला. टॉमी यांनी काय करावे? नौकेवरील शौचकूपाचे दार व नकाशाचे मेज कापून त्यांनी नव्या फळ्या तयार केल्या आणि वाट पुरी केली. आपल्या किनाऱ्यावरचा जुना नाखवा मोडक्या वल्ह्यावर परबाण बांधून घरी येई. ते हेच शहाणपण होय.

आता वडीलधाऱ्यांच्या शंकेकडे वळू, कारण तिच्या बाजूचाही पुरावा याच शर्यतीत आहे. फिनलंडचे तापिओ लेहटिनेन यांची 'ॲस्टेरिया' ही १९६५ सालची नौका. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, आफ्रिकेच्या आग्नेयेस, किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर, मागच्या बाजूने पाणी शिरून ती काही मिनिटांत बुडाली. लेहटिनेन जीवरक्षक तराफ्यात उतरले. सर्वांत जवळ होती 'मिनेहाहा'. नॉयशेफर यांनी शर्यत बाजूस ठेवून रात्रभर स्वतः सुकाणू धरले, दुसऱ्या दिवशी सकाळी लाटांमध्ये तो तराफा शोधून काढला आणि लेहटिनेन यांना आपल्या नौकेवर घेतले. थोड्याच वेळात त्या वाटेने आलेल्या 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर त्यांना सुखरूप चढवून देऊन त्या पुन्हा आपल्या वाटेला लागल्या. जहाजाचे नाव ऐकून आपल्या मनाला जे वाटते ते आम्ही वेगळे सांगावयास नको. वेळेची जी सूट मिळाली ती या कार्याबद्दल.

तेव्हा जुनी नौका बुडू शकते, हे आम्ही लपवीत नाही. 'ॲस्टेरिया'चे मालक कसलेले दर्यावर्दी होते. त्याच नौकेतून त्यांनी मागची प्रदक्षिणा पुरी केली होती. तरीही ती बुडाली. माणूस वाचला तो का? तराफा हाताशी तयार होता, संकटाचा संदेश पाठविण्याचे यंत्र चालू होते, आणि शेजारी धर्म जाणणारे माणूस होते. नौका जुनी असो वा नवी, या तीन गोष्टींवाचून तिने बंदर सोडू नये.

आता या तुलनेतून आपल्या कामाचे काय निघते ते सांगून आम्ही आवरते घेतो. जुन्या नौकेत दोन प्रकारच्या गोष्टी असतात : ज्या पुढे बदलता येत नाहीत अशा, आणि ज्या बदलता येतात अशा. कवचाचा आकार, तळाचा कणा, नीरमाचे प्रमाण, पाण्यावरील लांबी आणि कवचाची निरोगिता या पहिल्या प्रकारात मोडतात. शिडे, दोर, इंजिन, रंग, गाद्या, भांडीकुंडी या दुसऱ्या प्रकारात. विकणारा नेहमी दुसऱ्या प्रकारची वस्तू दाखवितो; घेणाऱ्याने पहिल्या प्रकारची पाहावी. मुलीला स्थळ पाहताना आपण घराचा रंग पाहतो की माणसांचा स्वभाव पाहतो?

म्हणून नौका पाण्याबाहेर काढून घेतल्यावाचून तिचा सौदा करू नये. फायबरच्या कवचावर लाकडी मोगरीने हलके ठोकत जावे; निरोगी जागी नाद खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. पाण्याखालच्या भागावर फोड आलेले आहेत काय, सुकाणूच्या बिजागऱ्या ढिल्या आहेत काय, तळाला पाडलेल्या भोकांच्या तोट्या नीट मिटतात काय, हे एकेक पाहावे. डोलकाठीला चोहोबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी दोऱ्या दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा, कारण दोरी तुटताना आगाऊ सूचना देत नाही. तळाच्या रंगाकडेही दुर्लक्ष करू नये. खडकाला चिकटतात तसे शिंपल्यासारखे जीव नौकेच्या तळाला चिकटून बसले म्हणजे चांगली नौकाही मंदावते. २०२२ च्या शर्यतीत कित्येकांच्या नौका त्यांनीच जेरीस आणल्या. पावसाळ्यात आपल्या होड्या वर ओढून, शाकारून, नारळीपौर्णिमेपूर्वी तळ घासून तयार करण्याची जी रीत पूर्वजांनी घातली, ती निरर्थक नव्हती. मालकीचे कागद आणि नौका परदेशातून आलेली असल्यास जकातीच्या पावत्या पाहणे, हे तर आपल्यातील वकील मंडळींनी सांगावेच.

प्रश्न उरला तो रस्टलरसारखी घ्यावी की केप जॉर्जसारखी. त्याच जाती आपल्या बाजारात मिळतील असे नाही, आणि आपणांस केप हॉर्नला जावयाचेही नाही. मुंबई, अलिबाग, मुरुड, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, गोवा ही आपली वाट. येथे खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. म्हणून पाण्याखाली कमी जाणारी नौका बरी. शिकाऊ मुले असणार. म्हणून शिडांचा साज आटोपशीर असलेली बरी. म्हणजे खोलीच्या बाबतीत केप जॉर्जचा धडा घ्यावा आणि साजाच्या बाबतीत रस्टलरचा. वेगाचा विचार मात्र करूच नये. तो आठ महिन्यांच्या शर्यतीतही निर्णायक ठरला नाही, तर आपल्या दोन दिवसांच्या सहलीत काय ठरणार?

कार्यकारिणीपुढे आमची विनंती अशी आहे. सूचना फेटाळू नये, आणि यंदाच नौका घेऊही नये. एक वर्ष द्यावे. या वर्षात निदान दहा तरुण-तरुणींनी किनाऱ्यावरील सेलिंग क्लबांतून, दुसऱ्यांच्या नौकांवर, रीतसर शिक्षण घ्यावे. तरुणी हा शब्द आम्ही जाणूनबुजून घातला आहे. ही शर्यत एका स्त्रीने जिंकली, आणि २०१७-१८ मध्ये आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा आमच्या यादीत मुलींची नावे शेवटी भरतीची म्हणून येऊ नयेत. ज्ञातीतील जे वृद्ध अद्याप सुकाणू, वारा आणि भरती-ओहोटी यांची भाषा जाणतात, त्यांच्यापाशी या मुलांनी बसावे. ती माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, आणि ती गेली म्हणजे ते ज्ञान कोणत्याही बाजारात वापरलेलेसुद्धा मिळणार नाही. वर्गणी जमेल ती दोन भागांत ठेवावी : एक भाग नौकेच्या किमतीसाठी, आणि तेवढाच दुसरा दुरुस्तीसाठी व जीवरक्षक साधनांसाठी. दुसरा भाग जमला नाही तर पहिल्याला हात लावू नये.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न होता, जबाबदार कोण? त्याचे उत्तर या दोन नौकांनी दिले आहे. जी माणसे नौकेच्या तळाशी पाठ टेकून महिनोन्‌महिने काम करतील, जी मोडलेल्या फळीच्या जागी दार कापून बसवतील, जी दुसऱ्याची हाक ऐकताच आपली वाट सोडतील, तीच जबाबदार. अशी दहा माणसे आपल्यात तयार झाली तर नौका जुनी असूनही आपल्या मुलांना तिच्यावर पाठविण्यास हरकत नाही. आणि ती तयार नसतील तर नवी कोरी नौकाही धक्क्याला बांधलेली बरी.